चौथा वायसर

आमच्या घरात सकाळी दोन आवाज एकाच वेळी सुरू व्हायचे. वर स्वयंपाकघरात कुकर आणि खाली गॅरेजमध्ये हवेचा कॉम्प्रेसर. बिबवेवाडीतलं आमचं घर म्हणजे खाली अण्णांचं, माझ्या वडिलांचं, गॅरेज आणि वर तीन खोल्या. कॉम्प्रेसरची टाकी भरली की तो फुस्स करून थांबायचा, आणि आईला वाटायचं, कुकरची शिट्टी झाली. मग ती गॅस बारीक करायची आणि त्या दिवशी भात बोटचेपा राहायचा. अण्णा पहिला घास खाऊन विचारत, "आज भात कुणी लावलाय, तू का कॉम्प्रेसरनं?" आई म्हणे, "खालचं यंत्र बंद ठेवा, मग कळेल कोण लावतंय ते." हे संभाषण मी हजार वेळा तरी ऐकलं असेल. आता त्या घरात खाली झेरॉक्सचं दुकान आहे आणि वर भाडेकरू. आई माझ्याकडे असते आणि तिला कुकरची शिट्टी मुळीच ऐकू येत नाही.

गॅरेजमध्ये अण्णांच्या बरोबरीनं काम करणारे बबनकाका लोणी काळभोरचे. रोज सकाळी लुनावरून यायचे, डब्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा. आई वरून वाटीभर आमटी पाठवायची, ती ते आधी नुसती पिऊन टाकायचे आणि मग भाकरी ठेच्याबरोबरच खायचे. पत्र्याचं, पाइपाचं, वेल्डिंगचं काम त्यांच्याकडे. जोड असा घालायचे की वरून बोट फिरवलं तर कळायचं नाही दोन तुकडे कुठे भेटले. अण्णा कुणाचंही तोंडावर कौतुक करत नसत, पण गिऱ्हाइकाला जोड दाखवताना त्यांचा आवाज जरा खाली यायचा, देवळात बोलतात तसा.

आणि एक पितळी ताट होतं. गाडीतून जे जे काढायचं, नट, बोल्ट, वायसर, चिमटा, ते सगळं ज्या क्रमानं निघालं त्या क्रमानं ताटात गोल मांडायचं. वायसर म्हणजे नटाखाली बसणारी चपटी गोल चकती, एवढं सांगून ठेवतो, कारण पुढे तिचाच संबंध आहे. काम संपलं की ताट रिकामं झालं पाहिजे. एकही वस्तू ताटात उरली किंवा एखादी कमी पडली तर गाडी गॅरेजच्या बाहेर जायची नाही, मग गिऱ्हाईक दारात पाय आपटत का असेना. पद्धत बबनकाकांची. ते म्हणायचे, "पोरगं जेवल्यावर आई ताट बघती का न्हाई? तसंच हाय." मी तेव्हा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. कॉलेजात याला काहीतरी वेगळं इंग्रजी नाव होतं आणि मला मनातून ते ताट थोडं गावठी वाटायचं. हे लिहायला लाज वाटते, पण लिहायचं म्हणूनच बसलो आहे.

त्या वर्षी नवरात्राच्या आधी सदाशिव पेठेतले एक डॉक्टर आमच्याकडे येऊ लागले. त्यांचं आडनाव देत नाही. घरातली माणसं अजून तिथेच आहेत. नाक-कान-घशाचे सर्जन, वय साठीच्या पुढे, पांढरा शर्ट आणि त्याच्या खिशात नाकात बघायची छोटी बॅटरी. अशा माणसानं दोनच माणसं बसतील अशी लाल, बुटकी, परदेशी बनावटीची स्पोर्ट्स कार सेकंडहँड घेतली होती. कुणी कारण विचारलं तर सांगत, "चाळीस वर्षं लोकांच्या नाकात पाहिलं. आता थोडं रस्त्याकडे पाहतो." गल्लीत गाडी वळवताना दोन्ही बाजूंच्या स्कूटर हलवाव्या लागत. त्यांच्या पत्नी एकदाच त्या गाडीत बसल्या म्हणे, आणि उतरताना एवढंच म्हणाल्या, की आता फिजिओथेरपिस्टकडे रिक्षानं जाते.

डॉक्टरांचं निदान तयार होतं. "अण्णा, हिचं नाक चोंदलंय. वेग घेताना धाप लागते. आत हवा पोचत नाही." आणि ते खरंच होतं, निदान तसं वाटत होतं. इंजिन पेट्रोलइतकंच हवेवर चालतं. त्या गाडीत हवा आत घ्यायला एक काळी प्लास्टिकची पेटी होती, आत कागदाचा फिल्टर, आणि पेटीचं तोंड इंजिनाच्या शेजारी, म्हणजे नेमकी तापलेली हवाच आत जाणार. डॉक्टरांनी कुठून तरी एक उघडा, शंकूसारखा फिल्टर मागवला होता. तो पुढे गार हवेत बसवायचा आणि तिथून इंजिनापर्यंत जाडसर, गुळगुळीत पाइप न्यायचा. तसा पाइप बाजारात तयार मिळत नव्हता. तो बबनकाकांनी करायचा होता.

"किती फरक पडेल?" अण्णांनी विचारलं.

"नाकातला वाकडा पडदा सरळ केल्यावर पेशंट मला हेच विचारतो. मी म्हणतो, बायकोला विचारा, घोरणं थांबलं का."

अण्णा हसले नाहीत, पण त्यांनी गाडी आत घेतली. आज खरं सांगायचं तर मला माहीत नाही, त्या पाइपनं गाडी जोरात पळू लागली असती की नुसती जोरात ओरडू लागली असती. माझ्या पुढच्या नोकरीत असे अनेक पाइप मी पाहिले आणि तरी ते मला नक्की सांगता येणार नाही. त्या दिवसांत मात्र मला खात्री होती. एकोणिसाव्या वर्षी मला फार गोष्टींची खात्री होती.

बबनकाकांनी काळी पेटी उतरवली. ती चार रबरी खुंट्यांवर बसलेली होती, आणि प्रत्येक खुंटीच्या नटाखाली एक विचित्र, पिवळसर मुलाम्याचा वायसर होता, मधे उंचवटा आणि कडेला झालर, लहानशा टोपीसारखा. आमच्या गॅरेजमध्ये तसला वायसर कुणी पाहिला नव्हता. बबनकाकांनी एक हात लांब धरून, डोळे बारीक करून पाहिला. "टोपीचा वायसर," ते म्हणाले, आणि चारही ताटात मांडले. हात लांब धरून बघायची सवय त्यांना त्या वर्षीच लागली होती. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, फक्त बोलायचं नाही असं ठरल्यासारखं होतं. दोन दिवसांत त्यांनी लोखंडी पाइप वाकवला, तीन तुकडे जोडले, लाकडी हातोडीनं ठोकला, आत हवा मारली. वेल्डिंगचे थेंब आत चिकटले असतील तर निघावेत म्हणून तारेला फडकं बांधून आतून ओढलं की नाही, हे मला आठवत नाही. मी तिथेच उभा होतो. कितीतरी वेळा डोळे मिटून ती दुपार पुन्हा बघायचा प्रयत्न केलाय. कधी फडकं दिसतं, कधी दिसत नाही.

मग बबनकाका घट उठवायला म्हणून गावी गेले. उरलेलं काम दसऱ्यानंतर करायचं ठरलं, कारण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. खंडेनवमीला आमच्या गॅरेजमध्ये एकही हत्यार उठत नसे. आदल्या दिवशी सगळे पाने, पकडी, हातोड्या रॉकेलमध्ये धुवायच्या, तेलाचा हात द्यायचा, सतरंजीवर लहानापासून मोठ्यापर्यंत मांडायच्या. वेल्डिंगच्या यंत्राला हार, कॉम्प्रेसरला हार, लांब दांड्याच्या लोहचुंबकालासुद्धा कुंकू. आई पितळी ताट चिंचेनं घासून लख्ख करायची आणि त्या दिवशी त्यात निरांजन, हळदकुंकू, झेंडू. ताटातले डॉक्टरांच्या गाडीचे नटबोल्ट मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ओतले. ओतले, हाच शब्द बरोबर आहे. क्रम मोडला तेव्हा मला काहीही वाटलं नाही.

नवमीला जेवणं झाली. पुरण झालं होतं, कटाची आमटी झाली होती, अण्णा वर आडवे झाले होते. मी खाली पायरीवर बसलो होतो, अंगात जडपणा, समोर उदबत्तीचा धूर आणि रस्त्यावर मार्केट यार्डातून झेंडू भरून निघालेले टेम्पो. तेवढ्यात डॉक्टर रिक्षातून उतरले.

"उद्या दसरा. सीमोल्लंघन घोड्यावरून करायची आमची ऐपत नाही, म्हणून म्हटलं गाडीवरून करावं. होईल का?"

"हत्यारं पूजेत आहेत, डॉक्टर. उद्यापर्यंत उचलत नाही."

"शेजाऱ्याकडून आण."

"आज सगळ्या बिबवेवाडीची हत्यारं पूजेत आहेत."

डॉक्टरांनी सतरंजीकडे पाहिलं, मान हलवली आणि गाडीची डिकी उघडली. आत एका पिशवीत गाडीचे स्वतःचे सहा-सात पाने होते. "यांची पूजा कुणी केलेली नाही," ते म्हणाले. "हे नास्तिक पाने आहेत." मग माझ्याकडे चष्म्यावरून बघून, "तू इंजिनियर होणार ना रे? का तुझीही आज पूजा आहे?"

मी हसलो आणि हो म्हणालो. एवढंच. कुणी मला ढकललं नाही. अण्णांना उठवायला चौदा पायऱ्या चढायच्या होत्या, आणि मी चढलो नाही. डॉक्टर "उद्या आठला येतो" म्हणून गेले.

काम अवघड नव्हतं. पाइपचं एक तोंड इंजिनाला रबरी नळीनं जोडायचं, क्लॅम्प आवळायचा, पाइप एका पट्टीवर धरून ती पट्टी जुन्या चार खुंट्यांवर बसवायची, आणि पाइपच्या दुसऱ्या तोंडाला फिल्टर लावायचा. इंजिनाकडचं तोंड मी जोडलं. पुढचं तोंड आ वासून वर बघत होतं. त्यात फडकं कोंबायला हवं होतं, पण धुतलेली फडकी पूजेतल्या हत्यारांखाली अंथरलेली होती. तीन टोपीचे वायसर लागले. चौथा बोटांतून निसटला आणि टिंग असा आवाज आला.

तो आवाज मला आजही काढून दाखवता येईल. एकदाच झाला. खाली फरशीवर पडला असता तर आणखी दोनदा वाजला असता, असं मला वाटलं. पाइपच्या आत पडला असता तर घरंगळल्याचा आवाज आला असता, असंही वाटलं. मी पाइपात बॅटरी मारली. पहिल्या वळणापुढे दिसत नव्हतं. ठोकून पाहिला. गाडीखाली आडवा झालो, फरशी हातानं चाचपली. लोहचुंबक चार हातांवर होता, कपाळाला कुंकू लावून. पाइप पुन्हा उतरवून उलटा करायला वीस मिनिटं लागली असती. वरून आईनं हाक मारली, "अभय, चहा टाकलाय." मी आमच्या डब्यातून एक साधा वायसर घेतला, चौथ्या खुंटीवर घातला, नट आवळला, फिल्टर बसवला आणि वर गेलो.

दसऱ्याच्या सकाळी मी अण्णांना सांगितलं, काम केलं म्हणून. त्यांनी आधी विचारलं, "आपल्या हत्यारांना हात लावलास?" मी म्हणालो, डॉक्टरांचे पाने होते. यावर ते बराच वेळ विचारात पडले, कारण अशा प्रसंगाचा नियम कुणी केलेला नव्हता. मग पाइप हलवून पाहिला, इंजिन सुरू करून कान दिला. "बसलंय," एवढं म्हणाले. माझ्या बाबतीत तो शब्द त्यांनी पहिल्यांदा वापरला होता. त्यानंतर आवाजाचं कसं सांगणार? आता वाटतं, तेव्हाच सांगायला हवं होतं. तेव्हा वाटलं, आता तरी कशाला सांगायचं.

चाकाखाली लिंबू ठेवलं, पुढे झेंडूचा हार घातला. डॉक्टर म्हणाले, "चल बस. ज्यानं नाक केलं त्याला सोनं देऊन येऊ." आपट्याची पानं घेऊन आम्ही लोणी काळभोरकडे निघालो. हडपसर मागे पडेपर्यंत डॉक्टर हळू चालवत होते. सोलापूर रस्ता मोकळा मिळाला तसं त्यांनी पाय दाबला, आणि गाडीनं असा श्वास ओढला की माझ्या छातीत थरथरलं. डॉक्टर ओरडून म्हणाले, "ऐकलंस? मोकळं झालं!" साठीचा माणूस, शाळेतल्या मुलासारखा हसत होता. मीही हसत होतो. मी टिंग विसरलो होतो, शपथेवर सांगतो. मग इंजिनात टक्क झालं, लगेच डब्यात खडे हलवावेत तसा खडखडाट, आणि गाडी नुसती घरंगळत कडेला गेली.

बबनकाकांचं गाव तिथून जवळच होतं. निरोप गेला, ते ट्रॅक्टर घेऊन आले, अंगात सणाचा नवा सदरा. हार घातलेली लाल गाडी दोराला बांधून ट्रॅक्टरमागे गावात शिरली तेव्हा लोकांना वाटलं ही काहीतरी मिरवणूकच आहे. एकानं नमस्कारसुद्धा केला. काकांच्या अंगणात बॉनेट उघडलं. ते वाकले. पट्टीवरच्या चार नटांकडे त्यांनी हात लांब न धरता, अगदी नाक लावून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"ताट कुठं हुतं?"

"पूजेत."

त्यांनी बॉनेट खाली घेतलं आणि डॉक्टरांना म्हणाले, "बसा, गोड खाऊन जा. सणाचं असंच न्हाई जायचं." डॉक्टर बसले, आपट्याची पानं काकांच्या हातात दिली, बासुंदी खाल्ली आणि मग म्हणाले, "आमच्याकडे असं झालं तर नातेवाईक दवाखान्याच्या काचा फोडतात. मी काय फोडू?" कुणीच हसलं नाही. ते स्वतःही नाही.

दसऱ्यानंतर अण्णांनी आमच्या गॅरेजमध्ये इंजिन उघडलं. एका पिस्टनच्या डोक्यावर खड्डे पडले होते, दोन व्हॉल्व्ह वाकले होते, आणि आत एक ठेचलेला धातूचा तुकडा होता, हरभऱ्याच्या डाळीएवढा. त्याला ना टोपी उरली होती ना झालर, आणि वेल्डिंगचा सुटलेला थेंबसुद्धा ठेचला तर तसाच दिसला असता. अण्णांनी चुंबक लावला, चिकटला. पाइपही लोखंडी, वायसरही लोखंडी. अण्णांनी तो तुकडा तळहातावर घेतला आणि मान वर न करता विचारलं, "अभय, ताट मोजलं होतंस?"

मी तोंड उघडलं होतं. काय बोलणार होतो ते आज सांगता येत नाही. खरं बोलणार होतो असं मला बरीच वर्षं वाटायचं. आता तेवढी खात्री नाही. माझ्याआधी बबनकाका बोलले.

"अण्णा, ताटाचं काय घिऊन बसलाय. जोड माझा हाय. थेंब आतनं सुटला. डोळ्यानं दगा दिला, दुसरं काय."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही, काकांकडे पाहिलं. मग म्हणाले, "बबनराव, डोळा दाखवून घ्या. तोवर जोडकाम नको." आवाज मऊ होता, तरी त्या एका वाक्यानं बावीस वर्षांचं काम संपलं. काका दिवाळीपर्यंत आले, नट सोडायचं, पत्रा धरायचं काम करत राहिले, आमटी आधी पिऊन भाकरी ठेच्याबरोबर खात राहिले. दिवाळीनंतर आले नाहीत. जाताना तो पाइप तेवढा मागून घेतला. डॉक्टरांची गाडी दुरुस्त झाली, जुनी काळी पेटी परत लागली, आणि काही महिन्यांनी त्यांनी ती विकली. आमच्या गॅरेजमध्ये पुढे जोड घालायला दोघं-तिघं आले. एकाचाही जोड दाखवताना अण्णांचा आवाज खाली आला नाही.

डिप्लोमा झाल्यावर मला एका कारखान्यात तपासणी खात्यात नोकरी लागली आणि अजून तिथेच आहे. लोकांनी केलेली कामं मोजायची आणि सही करायची. मी कडक आहे असं म्हणतात. पोरं माझ्या मागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे. एखादा तरुण माझ्यासमोर "साहेब, माझ्याकडून राहिलं" म्हणून उभा राहतो तेव्हा मला त्याचा राग येतो, आणि का येतो ते त्याला सांगता येत नाही. अण्णा गेले तेव्हा बबनकाका दहाव्याला आले होते. मी पाणी दिलं, पायाला हात लावला. बोललो नाही.

मागच्या श्रावणात आईच्या देवघरातली जुनी डबी घासायला घेतली. त्यात सुपाऱ्या, भोकाचे पैसे, एक हळकुंड, आणि कुंकवानं माखलेलं काहीतरी गोल. पाण्याखाली धरलं. मधे उंचवटा, कडेला झालर.

मी आईच्या कानाशी जाऊन विचारलं, हे कुठलं.

"ते होय? खालचं आहे. रांगोळी घालायला झाडत होते, उंबऱ्याच्या खाचेत सापडलं. म्हटलं लोखंड आहे, पूजेत असू दे."

"कधी? ज्या दसऱ्याला डॉक्टरांची लाल गाडी होती तेव्हा?"

"कुठल्या डॉक्टरांची?"

"आई, आठव ना."

"अरे, दर दसऱ्याला काहीतरी सापडायचंच. तुमच्या त्या गॅरेजात लोखंडाची काय वानवा होती? तुला हवंय का ते? घे की."

मी तो वायसर हातात घेऊन बसलो. पहिल्यांदा वाटलं ते हलकेपण, आणि लगेच त्या हलकेपणाचा राग. म्हणजे मी ते इंजिन फोडलं नव्हतं. पण ज्या दिवशी गप्प बसलो त्या दिवशी मला हे माहीत नव्हतं. मी फोडलं असंच समजून गप्प बसलो होतो. मग मी कशाचा अपराधी? आणि आमच्याकडे नंतर तसली दुसरी गाडी कधी आलीच नसेल कशावरून? वायसरवर नाव नव्हतं. बायकोला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तुम्ही त्यांना भेटून या. मी ऐकून काय होणार?"

रविवारी लोणी काळभोरला गेलो. वायसर पँटच्या खिशात. मनात वाक्यं जुळवली होती: काका, मी आवाज ऐकला होता, सांगितला नाही, तुमच्यावर येऊ दिलं. आणि मग वायसर काढून दाखवायचा, म्हणजे सगळं, अगदी सगळं सांगितल्यासारखं होईल. बबनकाका ओसरीवर खाटेवर बसले होते. ऐंशीच्या पुढचे, पण दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, मला लांबूनच ओळखलं. "अभ्या! टक्कल पडलं की रं तुला." सुनेनं चहा आणला. आईची, पोरांची चौकशी झाली. मी म्हणालो, "काका, त्या लाल गाडीचं एक सांगायचं राहिलंय."

"टोपीच्या वायसरचं ना?"

माझा हात खिशात गेला आणि तिथेच थांबला.

"तीन टोपीचे आन् एक साधा," ते म्हणाले. "माझ्या अंगणात बॉनेट उघडलं तवाच दिसलं मला. चौथा पोरानं पाडला, म्हनलं. आत गेला. तुझं तोंड असं पांढरं पडलं हुतं."

"मग तुम्ही अण्णांना..."

"अण्णा लय कडक मानूस. त्या दिवशी तुला म्हनले असते, पुन्हा पान्याला हात लावू नको, आन् तू लावला नसता. तुझं सगळं पुढं हुतं. माझं काय, डोळा गेलाच हुता." चहाची बशी त्यांनी खाली ठेवली. "पर एक सांगतो. माझ्या जोडात खोट न्हवती, म्हनून घेतलं अंगावर. कापड ओढलं हुतं म्या आतनं, दोनदा. खोट असती तर न्हाई घेतलं. भांडलो असतो तुझ्या बापाशी."

खिशात माझ्या दोन बोटांमध्ये तो वायसर होता. त्याची झालर अंगठ्याला टोचत होती. तो बाहेर काढला असता तर मी सुटलो असतो. आणि समोरच्या म्हाताऱ्याचा जोड, इतकी वर्षं ज्याच्यावर तो ताठ बसला होता, तो त्याच्या अंगणात उसवला असता. का मला तसं उगाच वाटलं? कदाचित ते हसले असते. कदाचित म्हणाले असते, बरं झालं बाबा. मला कळेना. अजून कळत नाही. मी हात रिकामाच बाहेर काढला.

"हो काका," मी म्हणालो. "माझाच होता. माझ्या हातून पडला. मी तेव्हा बोललो नाही."

"आज बोललास न्हवं." ते उठले, भिंतीला धरत पडवीच्या कोपऱ्यात गेले, आणि माळ्याखालच्या खुंटीवरून काहीतरी ओढून काढलं. तो पाइप. तीन तुकडे, दोन जोड, वरून तेलाचा हात दिलेला. वरून बोट फिरवलं तर अजूनही कळलं नसतं. "आतनं बघ," ते म्हणाले. "घाल की बोट. हितं, जोडावर."

मी आत बोट घातलं. आत तेल पोचलं नव्हतं, सगळा गंज होता, खरखरीत. मी सावकाश जोडाच्या कडेनं बोट फिरवलं. एका जागी ते किंचित अडलं, लहानशा खळग्यात टेकल्यासारखं. गंजाचा पापुद्रा सुटला असेल. किंवा काही दुसरं सुटलं असेल. मी पुन्हा फिरवलं तर ती जागा सापडेना.

काका माझ्या तोंडाकडे बघत होते, नव्या डोळ्यांनी.

"गुळगुळीत हाय ना?"

"गुळगुळीत आहे, काका."

त्यांनी मान हलवली, पाइप माझ्या हातून घेतला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा खुंटीला लावला. मी निघालो. हडपसरला सिग्नलला थांबलो तेव्हा लक्षात आलं, स्टिअरिंगवर माझ्या बोटाचा तांबडा डाग उमटला होता.